प्लॉट घ्यावा की पोरीला इंजिनिअर करावं?

पत्र: दादा, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मिस्टरांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, कूलर, पंखे, बोअरच्या मोटरा. वर्षाचे साडेतीन-चार लाख येतात, ओबीसीत मोडतो. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीत ८६ पर्सेंटाइल आले, कॅप राउंडमधे, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीत, एका प्रायव्हेट कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉमचं इंजिनिअरिंग) लागून राहिलं आहे. काटोलकडची सासऱ्यांची जमीन विकली, त्यातले ६ लाख आमच्या वाट्याला आले. दीर म्हणतात बेसाच्या पुढं प्लॉट घेऊन टाका, इंजिनिअर करून काय होते, आपल्याच घरचे दोन पोट्टे बी.ई. करून बसले आहेत, एक तर जेवणाचे पार्सल पोचवतो. पोरगी लग्न होऊन जाईल, प्लॉट तरी राहील. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मुलगा नववीत आहे, त्याचंही पुढं आहेच. शिक्षणानं खरंच फायदा होते का हो, की आपण सगळे नुसतं म्हणत असतो? – एक आई, मानेवाडा

उत्तर:

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोन-तीनदा वाचलं. शेवटचा प्रश्न तुम्ही जसा विचारला ना तसा तो फार कमी लोक विचारतात. मी तीसेक वर्षं पोरांना अर्थशास्त्र शिकवलं, त्यात हा धडा दरवर्षी येत होता, पण वर्गात कोणी असं सरळ विचारलं नाही की सर हे खरं आहे का. म्हणून उत्तर जरा लांब देतो.

पण आधी पैशाचं, कारण मला वाटते तुमच्या घरातलं हे भांडण चुकीच्या आकड्यावर चालू आहे. तुमच्या दिरांनी धरून ठेवलं आहे की पोरगी इंजिनिअरिंगला गेली म्हणजे ६ लाख गेले. तसं नाही. महाराष्ट्र सरकारनं ८ जुलै २०२४ ला जीआर काढला, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मधल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि ज्यांची अॅडमिशन कॅपमधून झाली आहे त्यांची प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण, म्हणजे शंभर टक्के, सरकार भरते. आधी निम्मी मिळायची. तुमची पोरगी कॅपमधूनच लागून राहिली आहे, उत्पन्न चारच्या आत आहे, मग ती यात बसायला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर मात्र नाही, तेव्हा कोणी म्हणालं की इथे नको, त्या दुसऱ्या कॉलेजात डायरेक्ट करून देतो तर हात जोडून नाही म्हणायचं.

उरला खर्च म्हणजे डेव्हलपमेंट फी सारखे बाकीचे चार्जेस, पुस्तकं, एक लॅपटॉप, रोजचं जाणं-येणं. हे किती ते कॉलेजच्या ऑफिसात जाऊन लिहूनच घ्या, तोंडी नको. आणि ताई एक खर्च कोणी धरत नाही तो मी धरायला लावतो, चार वर्षं ती कमावणार नाही हा. समजा ती आज एखाद्या दुकानात काउंटरवर बसली आणि महिन्याला १० हजार मिळाले तर चार वर्षांचे ४ लाख ८० हजार होतात. हे पैसे खिशातून जात नाहीत म्हणून दिसत नाहीत, पण खरा खर्च तोच आहे, आणि तुमच्या केसमधे तो फीपेक्षा मोठा आहे. गरीब घरातली पोरं फी माफ असूनही शाळा काऊन सोडतात त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच राहते.

आता तुमचा प्रश्न, फायदा होते का. सरासरीचं सांगतो. जगभरातल्या १३९ देशांमधले, १९५० ते २०१४ पर्यंतचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की कमाई साधारण ९ टक्क्यांनी वाढते असं निघालं. मुलींच्या बाबतीत हा आकडा मुलांपेक्षा दोनेक टक्के जास्त निघाला. तुम्ही म्हणाल की हो पण शिकतात ते मुळातच हुशार राहतात नाहीतर त्यांच्या घरी पैसा राहतो, मग कमाई शिक्षणानं वाढली हे कशावरून. अगदी बरोबर शंका आहे, अर्थशास्त्रवाले यावर कितीतरी वर्षं भांडले. मग इस्थेर दुफ्लो या अर्थतज्ज्ञ बाईंनी इंडोनेशियाचं उदाहरण घेतलं. तिथल्या सरकारनं तेलाच्या पैशातून १९७३ ते १९७८ मधे ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, कुठे जास्त कुठे कमी. पोराच्या गावात शाळा झाली की नाही यात पोराची हुशारी काही नव्हती, ते सरकारनं ठरवलेलं. ती पोरं मोठी झाल्यावर पगार तपासले तर दर वर्षाच्या शिक्षणामागे ७ ते १० टक्क्यांच्या आसपास वाढ सापडली. दुफ्लोंना पुढे २०१९ ला नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि मायकल क्रेमर यांच्यासोबत. म्हणजे फायदा आहे, तो आपल्या मनाचा खेळ नाही.

पण तुमचे दीर काही खोटं बोलून राहिले नाहीत हेही मला सांगितलंच पाहिजे. आपल्या देशात पदवीधरांमधली बेरोजगारी न शिकलेल्यांपेक्षा जास्त दिसते. थोडं कारण असं की ज्याच्या घरी चूल पेटायची वाट पाहून राहिली आहे तो बेरोजगार बसूच शकत नाही, मिळेल ते करतो, आणि पदवीवाला वाट पाहतो. पण सगळं कारण ते नाही. मागे एक बी.ई. झालेला पोरगा बँकेच्या परीक्षेची तयारी करायला माझ्याकडे यायचा. चांगला पोरगा, नम्र. मी सहज विचारलं तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काय होता. तो खाली पाहायला लागला, म्हणाला सर आम्ही चौघांनी मिळून रेडिमेड विकत घेतला, बॉक्स आला, त्याला फाइल लावून दिली, आत काय होतं ते उघडून पाहिलंच नाही. चार वर्षं, घरचे लाखो रुपये, आणि बॉक्स उघडला नाही. मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही हो. दोष त्या पोराचा एकट्याचा नव्हता, तिथे कोणी त्याला उघड म्हटलंच नव्हतं.

हीच गोष्ट देशाच्या पातळीवर पण घडते. लँट प्रिचेट नावाच्या अर्थतज्ज्ञानं २००१ मधे दाखवलं की कितीतरी देशांमधे शाळेत जायची वर्षं भराभर वाढली पण त्या मानानं देशाचं उत्पन्न वाढलं नाही. नंतर एरिक हनुशेक आणि लुडगर वूसमन यांनी वर्षं मोजायचं सोडून पोरांना गणित-विज्ञान खरोखर किती येते ते मोजलं, आणि तेव्हा विकासाशी संबंध घट्ट लागला. आपल्याकडे प्रथम संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून निघते, तिच्यात पुन्हा पुन्हा दिसते की ग्रामीण भागातल्या पाचवीच्या पोरांपैकी निम्म्यांच्या आसपास पोरांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही. वर्ग पाचवा, वाचन दुसरीचं. म्हणजे वर्गात बसलेली वर्षं वेगळी आणि डोक्यात गेलेलं वेगळं, आणि पैसा देते ते दुसरं. तुमचे पुतणे याच दोन्हींच्या मधे अडकले असतील, मला त्यांची ओळख नाही म्हणून जास्त बोलत नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. मागच्या मे महिन्यात आमच्या घरचा पंखा बंद पडला. तो नवीन प्रकारचा, बीएलडीसी, तीसेक वॉटवर चालतो, जुना पंच्याहत्तर खायचा. नागपूरचा मे, तुम्हाला सांगायला नको. घराजवळ एक वाइंडिंगवाले आहेत, तिथे घेऊन गेलो. त्या माणसाचा हात असा आहे की तार बोटात धरून गेज सांगतो, जळलेल्या कॉइलचा वास घेऊन सांगतो व्होल्टेज वाढलं होतं की बेअरिंग जाम झालं होतं. दुकानात कूलरच्या मोटरांची रांग लागलेली, वार्निशचा वास. त्यांनी माझा पंखा खोलला, आत ती हिरवी छोटी सर्किटची पट्टी दिसली, तिच्यावर बोट फिरवलं, मग एक एक स्क्रू परत लावला आणि म्हणाले, सर हे आमचं काम नाही, कंपनीत द्या. तीस वर्षांचा हात आहे त्यांचा. अशा माणसाला असं म्हणावं लागलं ते मला अजून आठवते.

ताई तुमच्या मिस्टरांच्या दुकानात पण हे पंखे यायला लागले असतील, विचारून पहा. ते गप्प आहेत त्याचं कारण कदाचित हेच असेल, धंद्यात काय येऊन राहिलं आहे हे त्यांना दिरांपेक्षा जास्त दिसत असेल.

थिओडोर शुल्ट्झ नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ होते, १९७९ चं नोबेल मिळालं. माणसाचं शिक्षण हीसुद्धा भांडवली गुंतवणूकच आहे, मशीन घेतो तशी, हे त्यांनी १९६० च्या सुमारास ठासून मांडलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी-जपानचे कारखाने, पूल सगळं पडलं, तरी ते देश इतक्या लवकर कसे उभे राहिले, तर पडलेलं परत उभं करायचं ज्ञान माणसांच्या डोक्यात शाबूत होतं म्हणून, असं ते म्हणायचे. पण त्यांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १९७५ ची आहे. ते म्हणाले की शिक्षणाची खरी किंमत सगळं जसंच्या तसं चालू असताना दिसत नाही. बी तेच, अवजार तेच, गिऱ्हाईक तेच, तेव्हा अनुभववाला माणूस शिकलेल्याच्या बरोबरीनं किंवा पुढंच राहतो. किंमत दिसते ती बदल आल्यावर, नवीन गोष्ट समजून घेऊन आपलं काम तिच्याप्रमाणं फिरवायची ताकद कोणात आहे तेव्हा. आपल्याच देशात याचा पुरावा आहे, हरित क्रांतीच्या वेळी ज्या भागात नवीन गव्हाचं बी खरंच चांगलं चाललं तिथे शिकलेल्या शेतकऱ्यांचा नफा न शिकलेल्यांपेक्षा जास्त वाढला, जिथे नवीन काही आलंच नाही तिथे शिक्षणानं शेतीत फारसा फरक पडला नाही. अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा १९९६ चा अभ्यास आहे हा.

आणि या शुल्ट्झ यांचं स्वतःचं काय झालं माहीत आहे का? साउथ डकोटात शेतकऱ्याच्या घरी जन्म, १९०२ चा. वडिलांनी आठवीत शाळेतून काढून घेतलं, पोरगा जास्त शिकला तर शेती सोडून जाईल या भीतीनं. हायस्कूल झालंच नाही त्यांचं. नंतर शेतकी शाळेचा छोटा कोर्स केला आणि तिथून पुढे डॉक्टरेटपर्यंत गेले. वडिलांची भीती खरी ठरली, पोरगा शेतीवर राहिला नाही. पण जगभरातल्या गरीब शेतकऱ्यांबद्दल त्याच पोरानं लिहिलं. तुमच्या घरात ‘पोरगी जाईल’ हे वाक्य आलं ना, ते वाचताना मला हेच आठवलं.

म्हणून माझं म्हणणं असं, ईएनटीसी घेऊ द्या, पण एका गोष्टीची खात्री करून. ब्रोशरवर जाऊ नका, त्यात सगळ्यात मोठ्या पॅकेजचा फोटो राहते. एखाद्या दुपारी पोरीला घेऊन कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर उभं रहा, शेवटच्या वर्षाची पोरं येतातच, त्यांना विचारा की लॅबमधे सोल्डरिंग गन तुमच्या हातात देतात का, प्रोजेक्ट स्वतः बनवता की विकत आणता, मागच्या बॅचमधले किती जण लागले आणि मधल्या पोराला किती पगार मिळाला, वरच्याला नाही, मधल्याला. कॉलेजला त्या ब्रँचचं एनबीए मानांकन, म्हणजे कोर्सचा दर्जा तपासून दिलेलं मानांकन, आहे का ते पण पहा. उत्तरं वाईट आली तर पुढच्या राउंडमधे दुसरं कॉलेज पहा. सिग्नलिंग म्हणून एक कल्पना आहे, मायकल स्पेन्स यांनी १९७३ मधे मांडली, की पदवी म्हणजे नोकरी देणाऱ्याला दाखवायची खूण, पोरगा मेहनती आहे एवढं त्याला त्यावरून कळते. पूर्वी चार जणांकडे ती खूण होती तेव्हा चालून गेलं. आता नागपुरात प्रत्येक गल्लीत बी.ई. आहे, नुसत्या खुणेचा भाव उतरला. हाताला काय येते याचा भाव तेवढा उतरला नाही.

आणि तुमच्याकडे असं काही आहे जे त्या कॉलेजातल्या बहुतेक पोरांकडे नाही, घरचं दुकान. सुट्टीत तिला बापाजवळ बसवा. ती सर्किट शिकेल, ते मोटर शिकवतील. असं झालं तर दोन-तीन वर्षांत बीएलडीसीचे पंखे परत पाठवायची वेळ येणार नाही, आणि ते काम तिनं नोकरी करतानाही सुरू राहू शकते. कोणी म्हणेल की मग आयटीआयच करू द्या ना. आयटीआय कमी आहे असं मी अजिबात मानत नाही, ज्या पोराला हातकाम आवडते आणि लवकर कमवायचं आहे त्याच्यासाठी ते वाईट इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा कधीही बरं. तुमच्या नववीतल्या मुलाचं मन तिकडे असेल तर त्याला इंजिनिअरिंगमधे ढकलू नका. पण हिला सीईटीत जागा मिळून राहिली आहे, फी सरकार भरून राहिलं आहे, तिला आवड असेल तर मग हिला का थांबवायचं?

प्लॉटचं. मी प्लॉटच्या विरोधात नाही, नागपुरात प्लॉटच्या विरोधात कोण राहील. पण आरएल, म्हणजे प्लॉट मंजुरीतला असल्याचं सरकारी पत्र, आहे का, एनए-टीपी, म्हणजे जमीन बिगरशेती होऊन लेआउट मंजूर, झालं का, हे पाहिल्याशिवाय ६ लाखात बेसाच्या पुढं जे मिळते ते घेऊ नका, कितीतरी लोकांचे पैसे तसल्या लेआउटमधे अडकून आहेत. आणि हे बघा, वर्धा रोडकडचे भाव वाढले ते कशानं? मिहान हा विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प आला, टीसीएस-इन्फोसिसचे कॅम्पस आले, एम्स आलं. ह्या कंपन्या मोकळ्या जमिनीसाठी तेवढ्या आल्या नाहीत, जमीन तर गडचिरोलीतही आहे, काम करू शकणारी शिकलेली माणसं इथे मिळतात हेही पाहिलंच असणार. म्हणजे दीर ज्या भावावर भरवसा ठेवून राहिले आहेत त्या भावात दुसऱ्यांच्या पोरापोरींचं शिक्षण आहे. अर्थशास्त्रात शिक्षणाचा फायदा नुसता शिकणाऱ्याला मिळत नाही, आजूबाजूच्यांना पण मिळते म्हणतात ते असं.

म्हणूनच सरकारनं फी भरणं याला मी उपकार मानत नाही. १८८२ मधे महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनसमोर निवेदन दिलं तेव्हा हेच मांडलं की सरकारचा महसूल येतो कष्टकरी शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, तो आधी गावच्या प्राथमिक शाळांकडे वळवा. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कोठारी आयोगानं १९६६ मधे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर घाला म्हणून सांगितलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणात परत तोच आकडा लिहावा लागला कारण आपण तिथपर्यंत पोचलोच नाही. तुम्ही तांब्याच्या तारेवर, वार्निशच्या डब्यावर जीएसटी भरता. तो पैसा फिरून तुमच्या पोरीच्या फीत येऊन राहिला असेल तर संकोच कशाचा.

लग्नाचं दिरांना एवढंच सांगा, प्लॉट बेसाला राहतो, शिक्षण पोरीसोबत जाते. उद्या सासरी काही कमी-जास्त झालं, नवऱ्याची नोकरी गेली, तर ती कोणाच्या तोंडाकडे पाहत बसणार नाही. आणि आई शिकलेली असली की पोरांच्या अभ्यासावर, तब्येतीवर फरक पडते, हे किती देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

तर ६ लाखांचं असं करा. लाख-दीड लाख पोरीच्या वरच्या खर्चाला आणि लॅपटॉपला बाजूला. बाकीचे बँकेत एफडीत, मुलाच्या दहावी-बारावीपर्यंत हात लावायचा नाही. पुढे कमी पडले तर एज्युकेशन लोन आहे, साडेसात लाखांपर्यंत तारण न मागता मिळावं अशी सरकारी हमीची योजना आहे, हप्ता साधारण कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होते. कोणाकडून व्याजानं घेऊ नका, सोनं गहाण टाकू नका. आणि खरंच चांगला, कागद स्वच्छ असलेला प्लॉट दोन वर्षांनी दिसला तर तेव्हाही घेता येईल. कॅपमधली ही जागा दोन वर्षं थांबणार नाही.

आता वेळ कमी आहे म्हणून हे आजच वाचून घ्या. जातीचा दाखला, जात पडताळणी, डोमिसाइल, तहसीलचं उत्पन्नाचं सर्टिफिकेट आणि नॉन-क्रीमीलेअर, या पाच कागदांपैकी काय नाही ते पहा. नॉन-क्रीमीलेअर आणि पडताळणीला सगळ्यात जास्त दिवस लागतात, अर्ज केला नसेल तर उद्या सकाळीच नॉन-क्रीमीलेअरसाठी सेतूत जा, पडताळणीचा अर्ज जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे करा, पावती जपून ठेवा. पोरीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते पण पाहून घ्या, फीच्या सवलतीसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा फॉर्म तिथेच अडकते. फॉर्म पोरीलाच भरू द्या. आणि मिस्टरांना माझा नमस्कार सांगा, दुकान कुठे आहे ते कळवा, तो पंखा अजून माळ्यावर तसाच ठेवला आहे.